दोन अक्षरांचे काम

पेंटरने ब्रश सोनेरी रंगात बुडवला, डब्याच्या काठावर दोनदा निथळवला आणि श्वास रोखून 'हे'वरची मात्रा एका दमात ओढली. मग तो मागे सरकला, पण फार नाही. बारा फुटांवर बांधलेल्या परांचीवर मागे सरकायला जागा असते ती वीतभर.

"झालं का?" खालून पाळकांनी विचारले.

"झालं. आता हात लावू नका कोणी, म्हणजे झालं."

वेदीमागच्या कमानीवर एकच वाक्य होते. या चर्चच्या पहिल्या पाळकांनी ते लिहून घेतले होते, आणि गेल्या चाळीस वर्षांत पेंटरने ते चार वेळा उजळले होते. दर वेळी खाली जुनी अक्षरे दिसत, त्यांच्यावरून ब्रश फिरवायचा, एवढेच काम. यंदा मात्र भिंतीला ओल आली, गिलावा खरवडून नवा करावा लागला आणि त्याबरोबर जुने वाक्यही गेले. कोरी निळी कमान समोर आली तेव्हा पाळकांनी भीत भीत सुचवले होते की आधी कागदावर नमुना काढून घ्यावा का. पेंटरला ते चांगलेच झोंबले. तो म्हणाला, "पाळकसाहेब, हे वाक्य मी झोपेत लिहीन."

परांचीवर चढल्यावर त्याने नेहमीप्रमाणे टोपी काढून प्रार्थना केली होती. देवाची अक्षरे लिहिताना हात कापू नये, एवढेच तो दर वेळी मागत असे. आताशा मात्र त्याच्या प्रार्थनांना शेपूट फुटले होते. हात कापू नये आणि वखारवाले निवडून यावेत, असे तो या वेळी म्हणाला.

वखारवाले म्हणजे याच मंडळीतले. शहराच्या निवडणुकीला उभे होते. चर्चचे बाक त्यांच्या वखारीतल्या लाकडाचे होते, ही परांचीसुद्धा त्यांचीच. सरळ माणूस, रविवार न चुकवणारा. आपल्यातला एक माणूस इतक्या वर्षांनी उभा राहतोय, या विचाराने पेंटरला उभारी आली होती, आणि गेल्या महिन्याभरात त्याने प्रचाराच्या बेचाळीस भिंती रंगवल्या होत्या. वखारवाल्यांचे नाव, पक्षाचे चिन्ह आणि वर ठळक अक्षरांत घोषणा: देव आमच्याबरोबर आहे.

या घोषणेपायीच त्याचे आणि मास्तरचे बिनसले होते. मास्तर म्हणजे त्याचा साडू. शाळेत संगीत शिकवायचा आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. दोघे लहानपणी एका बाकावर बसत. मोठेपणी त्यांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्ने केली ती बहिणी आवडल्या म्हणून नव्हे, तर एकमेकांना सोडवेना म्हणून, असे त्या दोघी बहिणीच सांगत. तीन आठवड्यांपूर्वी मास्तर पेंटरच्या घरी चहा पीत बसला असताना म्हणाला होता, "तुझा माणूस चांगला आहे. पण मी मत दुसऱ्याला देणार. आणि देवाला प्रचाराला जुंपू नकोस बाबा."

"म्हणजे तू देवाच्या विरुद्ध मत देणार," पेंटर म्हणाला होता.

तोंडातून निघताना ते वाक्य त्याला फार झकास वाटले होते. मास्तरने अर्धा भरलेला कप खाली ठेवला, मेव्हणीला 'येतो' म्हटले आणि तो निघून गेला. तेव्हापासून बोलणे बंद. रविवारी मास्तर बाजूच्या दाराने यायचा, ऑर्गन वाजवायचा आणि बाजूच्याच दाराने निघून जायचा. बहिणींचे फोन मात्र चालू होते, कारण त्यांना एवढी मोठी तत्त्वे परवडणारी नव्हती.

घरी रोज न्याहारीआधी पेंटर मोठ्याने प्रार्थना करी. पूर्वी त्यात आजारी लोक असत, लांब गेलेली मुलगी असे, मास्तरचा गुडघा असे. आता वखारवाल्यांचा विजय आणि विरोधकांची फजिती यांनीच जागा अडवल्यामुळे गुडघा बाहेर पडला होता. 'आमेन' म्हणायची वेळ आली की त्याच्या बायकोला नेमका खोकला येई. ती दवाखान्यात तीस वर्षे नर्स होती. खोकला खरा कोणता आणि खोटा कोणता हे तिला चांगले कळत होते.

रविवारी चर्च भरले. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या बाकावर बसला. पहिल्या गीताला सगळे उभे राहिले तेव्हा, आपले काम लोक बघताहेत हे बघावे म्हणून त्याने आधी लोकांकडे बघितले, आणि मग वर.

देव आमच्याबरोबर आहे.

त्याने पुन्हा वाचले. अक्षरे सुरेख आली होती. उंची सारखी, अंतर सारखे. फक्त तिथे चाळीस वर्षे 'आपल्याबरोबर' होते. परांचीवर बसलेल्याला वाक्य दिसत नाही, नाकासमोरचे एक अक्षर दिसते. आ लिहिल्यावर पुढे काय ते हाताने ठरवले होते, आणि हात बेचाळीस भिंतींवरून आलेला होता. झोपेत लिहीन म्हणाला होता, तसेच त्याने लिहिले होते.

बाजूच्या दाराने मास्तर आला. सवयीने त्याने वर बघितले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितले. मग ऑर्गनपाशी बसून त्याने शेवटपर्यंत वाजवले. एकही सूर चुकला नाही.

उपासना संपल्यावर पेंटर पाळकांकडे निघाला होता तो सांगायलाच. पण वाटेत वखारवाल्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"काका, काय बोलू? एका शब्दात सगळं सांगितलंत."

भोवती दहा-बाराजण होते. कोणीतरी टाळी वाजवली, मग आणखी दोघांनी. पेंटरने तोंड उघडले. चूक झाली म्हणायचे होते. ते जमले नाही, म्हणून तो हसला. उघडलेले तोंड मिटण्यापेक्षा हसणे बरे दिसते.

पाळक त्याला कोपऱ्यात भेटले. ते तरुण होते आणि सगळ्यांशी बरे राहावे म्हणून रात्रंदिवस कष्ट करीत. ते म्हणाले, "लक्षात आलं माझ्या. पण आता राहू द्या. आज पुसलं तर म्हणतील, चर्चने वखारवाल्यांना पुसलं. निवडणूक होऊन जाऊ दे."

घरी बायको मटार सोलत बसली होती. पेंटरने बूट काढले, ते जागेवर ठेवले, पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवले.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "चाळीस वर्षांत हात चुकला नाही, तो आत्ताच का चुकावा? कोणीतरी हात धरून लिहून घेतलं असणार."

"कोणीतरी म्हणजे?"

पेंटरने नुसते वर बघितले. वर पंखा होता.

"आमच्या दवाखान्याच्या पाटीवर 'रक्त तपासणी'च्या जागी 'भक्त तपासणी' लिहिलंत, तेव्हा कोणी धरला होता हात?"

"तेव्हा मला ताप होता."

"आताही आहे," बायको म्हणाली आणि तिने पुढची शेंग उचलली.

पण आठवडाभर पेंटरचे कौतुक झाले. केशकर्तनालयात त्याला आधी खुर्ची मिळाली. रंगाच्या दुकानात एका अनोळखी माणसाने विचारले, तो शब्द लिहिणारे ते तुम्हीच का? माणसाला कौतुक कडू लागत नाही, पेंटरलाही लागले नाही. सोमवारी ती चूक होती. बुधवारी ती देवाची मर्जी असू शकत होती. गुरुवारपर्यंत, ती चूक नव्हतीच, असे त्याचे ठाम मत झाले.

पुढच्या रविवारी ऑर्गनचे झाकण बंद होते. लोकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग वखारवाल्यांनी उत्साहाने गीत उचलले, ते इतक्या वरच्या पट्टीत की तिसऱ्या ओळीला पुरुष थांबले आणि चौथ्या ओळीला बायका. उरलेले कडवे वखारवाले एकटेच गायले. डावीकडच्या बाकांवर माणसे कमी होती. पेंटरने ती मोजली नाहीत, पण कोण कोण नाही ते त्याला न मोजता कळले.

घरी आल्यावर बायकोने त्याच्या ताटाशेजारी एक पाकीट ठेवले. तिच्या बहिणीने ते तिच्याकडे दिले होते. आत ऑर्गनची किल्ली होती. चिठ्ठी नव्हती.

"जाऊन या," ती म्हणाली.

"मी का जाऊ? त्याने सोडलं. त्याला कोणी नको म्हटलं?"

"तुम्ही म्हटलंत. वर लिहून म्हटलंत."

"अगं, शब्दाचा एवढा कीस काढायचा म्हणजे..."

"'आमच्याकडे या' आपण कोणाला म्हणतो? पाहुण्याला. चाळीस वर्षांत मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला कधी आमच्याकडे या म्हटलेलं नाही. तो आपल्याकडे येतो. येऊन भाजीत मीठ कमी आहे असंही सांगतो." तिने ताटात भात वाढला. "आता तो पाहुणा झाला. बघा, पटतंय का."

पेंटर जेवला. किल्ली ताटाशेजारीच होती. जेवण त्याला गोड लागले नाही, आणि मीठ बरोबर असूनही ते त्याने सांगितले नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर तो संगीताच्या खोलीत गेला. मास्तर खिडकीशी बसून एका व्हायोलिनचा निघालेला तुकडा सरसाने चिकटवत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"गुडघा कसा आहे?" पेंटरने विचारले.

"आहे तिथेच आहे."

पेंटरने किल्ली टेबलावर ठेवली. "ही चुकून आली आमच्याकडे."

"चुकून नाही. तुमच्या चर्चची किल्ली माझ्याकडे कशाला?"

खोलीत कुठेतरी एक तार आपोआप किंचित वाजली. पेंटरला 'तुमच्या' हा शब्द नीट ऐकू आला होता, तरी त्याने विचारले, "तुमच्या म्हणजे?"

"वाचलं ना मी त्या रविवारी. म्हटलं, मी बाहेरचा हे मला कळवायला याने बारा फूट वर चढायची काय गरज होती? फोन केला असता तरी चाललं असतं."

"तुझ्यासाठी नाही लिहिलं रे ते."

"मग कोणासाठी?"

पेंटर खुर्चीत बसला. खुर्ची मुलांची होती, त्याचे गुडघे छातीशी आले. इतक्या दिवसांत जे बायकोला नाही, पाळकांना नाही, देवालाही धडपणे सांगितले नव्हते, ते तो अखेर बोलला.

"हात चुकला. भिंती रंगवून रंगवून हाताला वळण पडलं होतं. मला रविवारपर्यंत कळलंसुद्धा नाही."

मास्तरचे ओठ हलले. "भक्त तपासणी."

"हो. तसंच."

क्षणभर दोघांनाही हसू आले असते. मास्तरने सरसाची काडी डबीत ठेवली.

"लिहिलंस ते चुकून," तो म्हणाला. "ठेवलंस ते?"

मास्तरने उत्तराची वाट बघितली नाही. त्याने पुन्हा व्हायोलिन मांडीवर घेतले आणि तुकडा बोटाने दाबून धरला. सरस वाळेपर्यंत तो तसाच धरावा लागतो. पेंटर उठला. किल्ली त्याने तिथेच राहू दिली.

परतीच्या वाटेवर त्याने रंगवलेल्या बेचाळीसपैकी एक भिंत लागली. रोज तो तिच्याकडे कारागिराच्या नजरेने बघत असे. आज त्याने ती मास्तर होऊन वाचली. वाक्य छोटे होते, पण वाचणारा आत आहे की बाहेर, हे त्याच्यापाशी येऊन विचारत होते. आणि त्याने ते देवाच्या नावाने विचारायला लावले होते. त्याला लाज वाटली. उमेदवार आवडला याची नाही. चुकीला देवाची सही घेतली, याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीआधी त्याने प्रार्थना सुरू केली, अर्ध्यावर थांबला, पुढचे काही सुचेना म्हणून म्हणाला, "आणि मास्तरच्या गुडघ्याला आराम पडू दे." बायकोला खोकला आला नाही.

मग तो वखारीत गेला. परांचीची लाकडे वखारवाल्यांनी परत नेली होती, आणि दुसरी मागायची तरी कुणाकडे? अडला हरी म्हणतात, त्यातली गत. मतदानाला पाच दिवस होते. वखारवाले पत्रकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत बाहेर आले.

"फळ्या हव्यात," पेंटर म्हणाला. "कमानीवरची चूक दुरुस्त करायची आहे."

"कसली चूक?"

"आपल्याच्या जागी आमच्या पडलंय. हात चुकला माझा. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. कौतुक घेत बसलो."

वखारवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांना तो शब्द मनापासून आवडला होता. कटकारस्थान त्यांच्या डोक्यात नव्हते. देव आपल्या पाठीशी आहे असे त्यांना खरेच वाटत होते, आणि थकून घरी गेल्यावर त्यांना त्याचा आधार होता.

"पण काका, प्रार्थनेत तरी आपण 'आमच्या'च म्हणतो ना? आमच्या स्वर्गातल्या बापा. मग ते चूक कसं?"

पेंटर गोंधळला. हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. त्याने टोपी काढून डोके खाजवले. वखारीत करवत चालू होती, ती थांबेपर्यंत त्याला विचार करायला वेळ मिळाला.

"तेव्हा आपण त्याच्याशी बोलत असतो," तो सावकाश म्हणाला. "त्याच्याकडे तोंड करून. तेव्हा 'आमच्या' बरोबर. पण कमान त्याला वाचायला नाही लिहिलेली. ती बाकावरच्या माणसांनी वाचायची. एकमेकांकडे तोंड करून 'आमच्या' म्हटलं, की कोणीतरी बाहेर राहतं."

"मतदान झाल्यावर केलं तर?"

"मग ती चूक राहणार नाही. मग ते मी मुद्दाम लिहिलं असं होईल."

वखारवाल्यांनी पत्रकांच्या गठ्ठ्यावर हात टेकला. "आणि मग आमचं काय, काका?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यांना खरेच विचारायचे होते.

"तुम्ही आहातच की आपल्यात," पेंटर म्हणाला. "कुठे चाललात? मत मी तुम्हालाच देणार आहे."

वखारवाल्यांनी करवतीवरच्या माणसाला हाक मारली आणि जाड फळ्या काढायला सांगितले, पातळ नकोत, काकांचे वय झाले आहे.

बुधवारी सकाळी चर्चची सगळी दारे उघडी टाकून पेंटर परांचीवर चढला. चोरून करायचे काम नव्हते. पाळकांनी शिडी धरली. कोणी विचारले तर शुद्धलेखनाची चूक होती असे सांगा, असे त्याने त्यांना सांगितले होते आणि त्यांना ते फार सोयीचे वाटले होते. टोपी काढून त्याने डोळे मिटले. हात कापू नये, एवढेच मागितले.

काम दोन अक्षरांचे होते. आ तसाच राहणार, शेवटचा या तसाच राहणार. म आणि प मुळाक्षरांत एकाच ओळीत बसतात आणि दिसायलाही जवळचे, म्हणून म सोपा गेला. त्याची खालची गाठ आणि आडवी रेघ खरवडायची, कोपऱ्याला गोलाई द्यायची, की प झाला. अर्धा च मात्र मुळापासून काढावा लागला. नव्या गिलाव्याने रंग पक्का पिऊन घेतला होता. पातीने खरवडताना सोनेरी भुकटी त्याच्या बाह्यांवर पडत होती. निळा हात मारून तो वाळायची वाट बघत तो वर बसून राहिला. पाळक कंटाळून आत गेले.

मग त्याने सोनेरी रंगाचा डबा उघडला. नाकासमोर एकच अक्षर होते. या वेळी प्रत्येक रेघेआधी तो ते अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणत होता, पहिलीतल्या मुलासारखा. प पुरा झाला. अर्ध्या ल चे पहिले वळण त्याने घेतले.

खाली बाजूचे दार करकरले. पावलांपैकी एक जरा जड पडत होते. पेंटरने मान वळवली नाही. अक्षर अर्ध्यावर असताना मान वळवायची नसते, हे चाळीस वर्षे तो शिकाऊ पोरांना सांगत आला होता. पावले ऑर्गनपाशी थांबली. कुलूप खटकन उघडले, झाकण वर गेले आणि एक सूर वाजला, मग त्याच्या शेजारचा. दुसरा घोगरा निघाला.

"दहा दिवस कोणी नुसतं फडकं मारलं नाही," मास्तर स्वतःशीच बोलावे तसा कुरकुरला. "काय दशा केलीय आपल्या ऑर्गनची."

पेंटरने ब्रश भिंतीपासून लांब धरला. हात कापत होता. तो थांबेपर्यंत वाट बघायला हवी होती, ल ला अजून एक वळण बाकी होते.